व्हाइट रिमची सायकलवाट

श्रोतेहो, नमस्कार. डोंगरातल्या सायकलस्वारीसाठी दमदार पाय लागतात, हे खरंच. पण आज ज्या वाटेबद्दल सांगणार आहे, तिथे पायांच्या आधी पाण्याचा हिशेब करावा लागतो.

ही वाट अमेरिकेतल्या युटा राज्यात, कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात आहे. नाव व्हाइट रिम, लांबी सुमारे 160 किलोमीटर, बहुतेक सगळा रस्ता कच्चा. 1950 च्या दशकात अणुबॉम्बसाठी युरेनियम हवं होतं, त्याच्या शोधात हे रस्ते काढले गेले. युरेनियम फारसं हाती लागलं नाही, रस्ता मात्र राहिला. 1964 मध्ये उद्यान झालं.

आता डोळ्यांपुढे चित्र आणा. वर सपाट पठार. त्याच्या साडेतीनशेएक मीटर खाली पांढऱ्या वालुकाश्माची रुंद पायरी. तिच्याही खाली, खोल दरीत, एका अंगाला कोलोरॅडो आणि दुसऱ्या अंगाला ग्रीन नदी. आपण चालवायची सायकल ती या मधल्या पायरीवरून. शेफर घाटाची नागमोडी वळणं उतरताना ब्रेकवरची बोटं भरून येतात. साधारण निम्म्या वाटेवर मर्फी हॉगबॅकचा चढ येतो. तिथे भलेभले खाली उतरून सायकल ढकलतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

साधारण तीन-चार दिवस लागतात. वाटेत पिण्याचं पाणी कुठेही मिळत नाही. माणशी दिवसाला निदान चार लिटर धरा. चार जण, चार दिवस, म्हणजे चौसष्ट लिटर! सायकलवर एवढं कोण वाहणार? म्हणून मागे एक दणकट जीप ठेवतात. तंबू, शिधा, पाणी, सगळं तिच्यात. मुक्कामाच्या जागी संडास आहेत, पण शेकोटी पेटवायला बंदी आहे.

एक गोष्ट मात्र मला कळकळीने सांगायची आहे. रस्त्याकडेच्या मातीवर काळपट, खरबरीत साय दिसते. ती जिवंत आहे. सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून ती माती बांधून ठेवतात, नायट्रोजन पुरवतात. त्यावरच तिथली झुडपं तगतात. एकदा चाक फिरलं की ती भरून यायला अनेक दशकं लागतात. फोटोसाठीसुद्धा रस्ता सोडू नका. इतक्या सुंदर जागी आपल्या टायरची खूण मागे राहावी, हे मला तरी सहन होत नाही.

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी वसंतात किंवा शरदात जावं. उन्हाळा भाजून काढतो. मुक्कामाचे परवाने मोजकेच असतात, तेव्हा नोंदणी काही महिने आधी करा. आणि जीप कोण चालवणार, हेही घरूनच ठरवून निघा. आलटून पालटून चालवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सायकल येते.