तांबं ॲसिडमध्ये टाकलं, बुडबुडे आले, पण ते हायड्रोजनचे नाहीत!

तर मंडळी, कमेंटमध्ये एकच भांडण चाललंय. शाळेत शिकवतात तांब्यावर विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा परिणाम होत नाही, आणि इकडे आजीचा तांब्याचा काळाकुट्ट बंब टॉयलेट क्लीनर (त्यात हेच ॲसिड असतं) लावला की लखलखतो, मग खरं कोण? दोघंही.

धातूंच्या क्रियाशीलतेच्या यादीत (जास्त क्रियाशील वर, कमी क्रियाशील खाली) तांबं हायड्रोजनच्या खाली, त्यामुळे ॲसिडमधून त्याला हाकलू शकत नाही, हे माहितीये, पुढे चला. काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड. त्याचं ॲसिडमध्ये कॉपर क्लोराइड आणि पाणी होतं, बास, गॅस वगैरे काही नाही. हिरवट-निळं पाणी दिसतं ते त्या क्लोराइडचं.

आता बुडबुडे. "दादा, माझ्याकडे फसफसलं, म्हणजे हायड्रोजन आला, तुमचं चुकलं." अरे बाबा नाही! जुन्या भांड्याच्या कडेला हिरवं साचलेलं असतं ना, ते कार्बोनेट, त्यातनं कार्बन डायऑक्साइड सुटतो. पटत नाही? तो गॅस चुन्याच्या निवळीत सोडा, दुधाळ होईल, हायड्रोजनने कधीच होत नाही. निवळी नाहीये? मग नुसतं बघत बसा. हिरवं संपलं की फसफस बंद. तांबं तिथेच आहे, ॲसिडही आहे, मग तुमचा हायड्रोजन थांबला कशाला? आणि तरीही वाद घालायचाच असेल तर पॉलिश पेपरने घासलेली कोरी वायर टाका, बुडबुडा दाखवा, मग बोलू.

(कोणीतरी "ब्लीच पण मिसळू का" विचारलंय. नको!! क्लोरीन निघतो, तो विषारी असतो, जिवावर बेतेल.)

एकजण म्हणतो वायर रात्रभर उघड्या ग्लासात ठेवली तर पाणी हिरवं झालं. होणारच, हवेतला ऑक्सिजन मदतीला येतो, आणि एकदा कॉपर क्लोराइड बनलं की ते स्वतःच उरलेलं तांबं खायला लागतं. सर्किट बोर्ड बनवणारी पोरं बोर्डवरचं नको असलेलं तांबं असंच ॲसिडने काढतात, फक्त हवेतल्या ऑक्सिजनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात, मग काम पटकन होतं. पण तिथेही हायड्रोजन सुटत नाही, पाणीच बनतं. कितव्यांदा सांगतोय!

आणि हो, कल्हई केलेल्या पातेल्यात हे क्लीनर ओतू नका. कल्हई म्हणजे कथील, ते हायड्रोजनच्या वर, हळूहळू का होईना विरघळतं. तिथे निघालेला हायड्रोजन मात्र खरा हं, त्याचा व्हिडिओ खुशाल पाठवा.