जिने चढणारी मंडळी

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत किंवा वसईत एखाद्या चर्चच्या मागच्या खोलीत आठवड्यातून एकदा सातआठ जण जमतात. वही उघडतात, या आठवड्यात कुणाच्या घरी कोणी जायचं ते ठरवतात, आणि शेवटी एक कापडी पिशवी फिरते. तिच्यात बंद मूठ घालायची, आत उघडायची आणि हात बाहेर काढायचा. शेजारच्यानं 500 टाकले, 5 टाकले की नुसतीच मूठ उघडली, हे कुणालाच कळत नाही. ही मंडळी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची. कॅथलिकांची ही बंधुभावी, सेवाभावी संस्था जवळजवळ दोनशे वर्षांची होत आलीये, दीडशेच्या आसपास देशांत पसरलीये, आणि तिचा पैसा असा मूठ झाकून येतो.

आपल्याकडे देणगीदाराचं नाव पंख्याच्या पात्यावर रंगवतात. ते वाचता यावं म्हणून वीज जायची वाट बघावी लागते! धान्याची पाच किलोची पिशवी देताना आठ जणांनी ती धरून फोटो काढायचा, ही तर माझ्या मते घेणाऱ्याला केलेली शिक्षाच आहे. असो. विषय राहिला बाजूला.

तर 1833 सालचं पॅरिस. आदल्याच वर्षी पटकीची साथ येऊन गेलेली, एकट्या पॅरिसात 18 हजारांहून जास्त माणसं दगावलेली. फ्रेदेरिक ओझानाम हा लिऑनहून आलेला वीस वर्षांचा मुलगा सॉर्बोनमध्ये कायदा शिकत होता. एमानुएल बायी नावाचे एक वडीलधारे गृहस्थ, वृत्तपत्र चालवणारे, त्यांच्याकडे ही पोरं जमून इतिहासावर वाद घालायची. धर्मानं जगासाठी काय काय केलं, यावर ओझानाम तावातावानं बोलायचा. एके दिवशी समोरच्या पक्षातल्या एकानं उठून विचारलं, मागचं सगळं मान्य, पण आज तुम्ही काय करताय?

प्रश्न वर्मी बसला. असं सांगतात, की त्याच संध्याकाळी ओझानाम आणि त्याच्या एका मित्रानं आपल्याकडचं उरलंसुरलं सरपण उचललं आणि एका गरीब शेजाऱ्याच्या घरी नेऊन दिलं. पुढे 23 एप्रिल 1833 ला बायींच्या वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री आठ वाजता पहिली बैठक झाली. सात जण, श्रोतेहो. सहा विद्यार्थी आणि सातवे बायी. पैसे गोळा करायला पिशवी नव्हती म्हणून खजिनदार झालेल्या पोरानं आपली टोपी फिरवली.

पण जायचं कुणाकडे? गरीब कुठे राहतात हे या शिकलेल्या पोरांना नीट ठाऊकच नव्हतं. बायींनी त्यांना मुफ्तार वस्तीतल्या सिस्टर रोझाली रांदूंकडे पाठवलं. या बाई त्या भागात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या, घरन् घर माहीत असलेल्या. त्यांनी कुटुंबांची नावं दिली, पावाच्या नि कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या. पद्धत ठरली ती आजतागायत तीच आहे: गरिबाला आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या दारात जायचं. पुन्हा सांगते, आपण जायचं. आणि जायचं म्हणजे जिने चढायचे. त्या काळी लिफ्ट कुठली? श्रीमंत खालच्या मजल्यांवर, आणि गरीब थेट छपराखाली. आपल्या टॉवरवाल्यांच्या बरोब्बर उलट.

ओझानामच्या घरात हे जिने चढणं मुरलेलंच होतं. वडील डॉक्टर, आईसुद्धा गोरगरिबांच्या घरी जाणारी. दोघांचं वय झालं तेव्हा त्यांनी एकमेकांना शब्द दिला, की चौथ्या मजल्याच्या वर जायचं नाही. आणि मग एकदा दोघंही त्याच्या वरच्याच कुठल्यातरी मजल्यावर एकमेकांना सापडले म्हणे!

आता माझी आवडती गोष्ट. खरं म्हणजे एवढी सांगायलाच मी आज आलेय.

ओझानामच्या वाट्याला जे कुटुंब आलं त्यात नवरा दारुडा. बाई राब राब राबायची, त्यानं कमाई हिसकावून घ्यायची, पिऊन यायचं आणि तिलाच बडवायचं. पदरात पोरं. हा मुलगा चिठ्ठ्या घेऊन जिना चढून तिथे पोचला. पहिल्या भेटीत ध्यानात आलं, की पाव दिल्यानं आजची भूक भागेल, पण त्या माणसाचं काय? आणि बाईनं जावं तरी कुठे? फ्रान्समध्ये घटस्फोट 1816 मध्ये कायद्यानं बंद झाला होता, तो परत यायला 1884 उजाडलं. लग्नाची बायको नवऱ्याच्या घराला बांधलेली.

इथे कायद्याचा विद्यार्थी कामाला आला. त्यानं चौकशी सुरू केली. लग्न कधी झालं, कुठे झालं, कागद कुठे आहे? आणि शोधता शोधता निघालं काय, तर यांचं लग्नच झालेलं नव्हतं!

आता विचार करा, श्रोतेहो. मुलगा कट्टर कॅथलिक. चर्चमधल्या कुणालाही विचारलं असतं तर ठरलेलं उत्तर मिळालं असतं, की चला, दोघांना फादरांकडे न्या, पाप मिटवा, लग्न लावून टाका. पोरांना नाव मिळेल. वीस वर्षांच्या या भाविक मुलानं नेमकं उलट केलं. त्यानं बाईला सांगितलं, की तू मोकळी आहेस. कायद्यानं तुला इथे कोणी धरून ठेवू शकत नाही.

तिचा म्हणे विश्वासच बसेना. बसणार तरी कसा? इतकी वर्षं जो आपला नवरा म्हणून मारतोय, तो आपला कोणीच नाही!

मग पुढचं सगळं त्या सात टाळक्यांनी पार पाडलं. तो माणूस आडवा येणार, धमक्या देणार, म्हणून कायद्याचा बंदोबस्त केला. वर्गणी काढून गाडीभाडं जमवलं. बाई धाकट्या मुलांना घेऊन फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात तिच्या आईकडे गेली. मोठ्या मुलांना बायींनी आपल्या छापखान्यात कामाला लावलं, म्हणजे पोट भरलं आणि हातात कसबही आलं. छापखाना ही फार चांगली शाळा होती, हे माझं जुनं मत आहे. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस शुद्धलेखनात मास्तरांना हरवायचा. ते जग गेलं.

आपल्याकडे अजूनही मुलगी माहेरी रडत आली की बायकाच सांगतात, सांभाळून घे गं, पुरुषमाणूस आहे. त्यांनी ही 1833 ची गोष्ट ऐकावी.

बाकीचा इतिहास भराभर सांगते. सातावर आठवा सभासद घ्यायचा की नाही यावर या पोरांची चलबिचल झाली होती, आणि पुढच्याच वर्षी संख्या इतकी वाढली की गट फोडावे लागले. 1835 मध्ये नियम लिहिले गेले. 1836 मध्ये रोम, 1844 मध्ये लंडन आणि डब्लिन, 1845 मध्ये अमेरिकेतलं सेंट लुईस. ओझानाम सॉर्बोनमध्ये प्राध्यापक झाला, इटालियन कवी दान्तेचा अभ्यासक म्हणून गाजला आणि 1853 मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेला. 1861 मध्ये फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी संस्थेवर सरकारी अध्यक्ष नेमायचा घाट घातला, तेव्हा पॅरिसच्या मध्यवर्ती मंडळानं गुमान मान तुकवली नाही. त्यापेक्षा मंडळच बंद झालेलं पत्करलं. गावोगावची मंडळी जिने चढतच राहिली. 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोत्र दाममध्ये ओझानामला धन्य, म्हणजे संतपदाच्या एक पायरी आधीचं, घोषित केलं, आणि 2003 मध्ये सिस्टर रोझालींना.

आणि एक राहिलंच. रोझालींनी पत्ते दिले, चिठ्ठ्या दिल्या, वस्तीत वागायचं कसं तेही शिकवलं. पण सभासद फक्त पुरुष. बायकांनी 1856 मध्ये इटलीत बोलोन्याला आपली वेगळी शाखा काढली. दोन्ही एकत्र यायला 1967 साल उजाडावं लागलं. यावर बोलायला मला आणखी पंधरा मिनिटं हवीत, पण काचेपलीकडून हात हलवायला लागलेत. नमस्कार.