चिऱ्याच्या शेडमधलं विमान

(दृश्य : पावसाळा. पत्र्यावरून कोसळणारं पाणी. आत ट्यूबलाइटच्या उजेडात चमकणारा पंख.)

डिचोली तालुका, गोवा. बाहेर आषाढातला पाऊस लागून राहिलाय. चिऱ्याच्या या शेडमध्ये ॲल्युमिनियमचा एक पंख दोन लाकडी घोड्यांवर पालथा ठेवलाय. त्याच्यावर ओळीने टोचलेल्या या छोट्या पिना पाहा, काही तांब्याच्या रंगाच्या, काही काळ्या. यांना क्लेको म्हणतात. रिव्हेट मारण्याआधी दोन पत्रे एकमेकांना घट्ट धरून ठेवायचं काम त्यांचं. तांब्याच्या रंगाची पिन 1/8 इंचाच्या भोकासाठी, काळी 5/32 इंचाच्या. नुसत्या रंगावरून कळतं, कुठे कोणता रिव्हेट बसणार.

हे विमान झेनिथ सीएच 701. दोन आसनी. किट म्हणून येतं, म्हणजे पत्रे, रिब (पंखाच्या फासळ्या), स्पार (पंखाचा कणा) आणि नकाशे येतात. विमान आपण करायचं. क्रिस हाइंट्झ या अभियंत्याने 1980च्या दशकात त्याचा आराखडा केला. घरच्या शेडमध्ये, साध्या हत्यारांनी बांधता यावं हा विचार त्यात पहिल्यापासून आहे. पंखाच्या पुढच्या कडेला थोडी फट सोडून बसवलेली ही दुसरी पट्टी म्हणजे स्लॅट. कमी वेगातही हवा पंखाला धरून राहावी म्हणून ती लावलेली असते. त्यामुळेच हे विमान 100 मीटरच्या आत जमीन सोडू शकतं. आमच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, एवढी सपाट जागा कुठेही मिळेल.

(दृश्य : काका आणि पुतणी, पंखाच्या दोन बाजूंना.)

किट तिघा मित्रांनी मिळून घेतलंय. हात मात्र या दोघांचे. काकांचं आयुष्य मांडवीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डांत गेलं. पुतणीने आयटीआयमधून फिटरचा कोर्स केलाय.

बार्ज म्हणजे काय, हे गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. डिचोली-सत्तरीतलं खनिज मांडवीतून मुरगाव बंदरापर्यंत नेणारी ही सपाट बुडाची जहाजं. खनिजाच्या घावांनी त्यांचे पत्रे चेपायचे, खाऱ्या पाण्याने सडायचे, आणि यार्डातली माणसं ते कापून नवे जोडायची. सांधा नुसत्या बोटाने तपासणारे फिटर या नदीकाठी घडले. 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तोवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजचं नूतनीकरण रद्दबातल ठरवलं. बार्ज नदीत नांगरून पडल्या. ही माणसं कुठे गेली? कोणी गॅरेज टाकलं, कोणी रिक्षा घेतली, कोणी घरी बसलं. हुन्नर मात्र हातातच होता. त्याला काम कुठलं द्यायचं, एवढाच प्रश्न होता.

(दृश्य : क्लोजअप. ड्रिल केलेलं भोक, त्याच्या कडेवरून फिरणारं नख.)

बार्जचा पत्रा मिलिमीटरांत मोजतात. इथला पातळ पत्रा 0.016 इंचाचा, म्हणजे जेमतेम 0.4 मिलिमीटर. ड्रिल मारलं की भोकाच्या कडेला बारीक धार राहते. तिला बर म्हणतात. ती बर काढली नाही, तर पत्रे नीट चिकटत नाहीत, आणि उद्या थरथरून थरथरून तिथूनच तडा जायला सुरुवात होते. म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी साफ करायचं. पुतणी साफ करते, काका नख फिरवून बघतात.

"बाय, हें परत घे."

"काका, आत्ताच घेतलं मी."

"नख अडकतंय. परत घे."

ती परत घेते.

रिव्हेट आहेत ओढून बसवायचे, आपण ज्यांना पॉप रिव्हेट म्हणतो तशा जातीचे. यांचं डोकं येतं सपाट. पण गनचं तोंड आतून वाटीसारखं घासून घेतलेलं असतं. रिव्हेटच्या आतला खिळा ओढला जातो तेव्हा त्या वाटीत डोकं दाबलं जाऊन गोल होतं आणि पत्र्यावर चौफेर घट्ट बसतं. हा आवाज ऐका.

(दृश्य : रिव्हेट गन. नैसर्गिक आवाज. निवेदन थांबतं.)

प्रत्येक जोडाच्या आत, जिथे पत्र्यावर पत्रा बसतो तिथे, झिंक क्रोमेट या गंजरोधक रंगाचा हिरवट-पिवळा हात दिलेला आहे. एकदा रिव्हेट बसला की तो रंग पुन्हा कोणाला दिसणार नाही. पण गोव्यात विमान टिकायचं असेल, तर तो हवाच.

(दृश्य : बोगमाळो. नौदल हवाई संग्रहालय. उघड्यावर उभी असलेली जुनी विमानं.)

1998 मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय. ते सुपर कॉन्स्टेलेशन, इकडे सी हॉक, ॲलिझे. समुद्र जवळ आहे, आणि इथला वारा मीठ घेऊन येतो. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल आणि मधे खारट ओल शिरली, तर दोन धातूंमध्ये बारीकशी वीज खेळायला लागते, अगदी बॅटरीत खेळते तशी. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. आधी पांढरी भुकटी दिसते, मग रंगाखाली फोड, मग खड्डे. विमानाच्या बोल्टना कॅडमियमचा मुलामा असतो तो यासाठीच. सीएच 701 चा बहुतेक पत्रा 6061-टी6 या मिश्रधातूचा आहे. तो गंजाला इतरांपेक्षा बरा तोंड देतो. तरीही पावसाळ्यात दर थोड्या दिवसांनी टॉर्च घेऊन शेपटाच्या आत डोकं घालावं लागतं. काका ते चुकवत नाहीत.

आणि हा दुसरा शत्रू.

(दृश्य : पंखाखालची बारीक नळी. तिच्या तोंडावर लाल कापडी टोपी. शेजारी भिंतीवर मातीचं घर.)

कुंभारमाशी. प्रत्येक गोवेकराने तिची मातीची घरटी खिडकीच्या चौकटीत पाहिली आहेत. विमानाला वेग सांगणारी ही पिटो नळी तिला फार आवडते. आत चिमूटभर माती गेली, की वैमानिकाला काटा खोटं सांगणार. जमिनीवर असताना नळीच्या तोंडावर टोपी, आणि उडण्याआधी टोपी काढल्याची खात्री. एवढं साधं काम आहे, पण त्यावर जीव अवलंबून आहे.

(दृश्य : इंजिन. काकांचे हात.)

आता इंजिन. रोटॅक्स 912 यूएलएस. चार सिलिंडर, 100 अश्वशक्ती. सिलिंडर हवेने थंड होतात, त्यांची डोकी पाण्याने. हे इंजिन आधी एका मायक्रोलाइटवर, म्हणजे अगदी हलक्या विमानावर, चाललेलं आहे, म्हणून ते बसवण्याआधी पूर्ण तपासलं गेलं. कंपनीच्या सूचनेप्रमाणे रबराचे भाग दर पाच वर्षांनी बदलायचे, इंजिन चालो वा न चालो. पेट्रोलचे होज म्हणजे नळ्या, पाण्याचे होज, कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारे रबरी फ्लँज. टेबलावर मांडलेले हे जुने भाग वरवर धडधाकट वाटतात. हा फ्लँज काका वाकवून दाखवतायत. ही चीर दिसली?

जुना ऑइल फिल्टर कापून उघडलाय. आतला कागद पंख्यासारखा पसरून त्यावर लोहचुंबक फिरवतात. पोलादाची भुकटी सापडली, तर इंजिनात काहीतरी झिजतंय. इथे काही नाही.

तेल तपासायची रीत तर बघण्यासारखी आहे. या इंजिनाचं तेल खाली साठत नाही, वेगळ्या टाकीत असतं. दांडी घालून नुसतं बघितलं तर माप चुकतं. आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करायची आणि मग प्रॉपेलर हाताने फिरवत राहायचं, टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. उरलंसुरलं तेल टाकीत परत आल्याची ती खूण.

"बाय, आवाज आला?"

"आला, काका."

मग दांडी.

इंधनाचं मात्र अवघड झालंय. रोटॅक्स 912 ला 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं, आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओल शोषतं, आणि ओल तर इथे हवेतच आहे. उरतं विमानांचं एव्हिएशन गॅसोलीन. त्यात शिसं असतं, त्याचा गाळ धरतो, म्हणून तेल लवकर लवकर बदलायचं. या दोघांनी तोच मार्ग घेतलाय.

(दृश्य : पाऊस उघडलाय. विमान शेडबाहेर, चाकांना ठोकळे, शेपूट दोराने बांधलेलं. पुतणी आत बसलेली.)

सुरू केल्यावर 10 सेकंदांत तेलाचा दाब चढला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. दाब चढला. मिनिटाला 2000 फेऱ्यांवर गरम करणं चालू आहे. तेल 50 अंशांवर येईपर्यंत जोर द्यायचा नाही. आता 4000. इग्निशनच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत, त्यातली एक बंद करून बघायची. फेऱ्या 300 पेक्षा जास्त पडता कामा नयेत. ती बोटांनी काकांना आकडा दाखवते. काका वहीत लिहितात.

(दृश्य : इंजिनाचा आवाज. निवेदन नाही.)

शेडच्या भिंतीवर हे कात्रण चिकटवलेलं आहे. अमोल यादव. मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक. 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. काका रोज ते बघतात.

यांच्या विमानाच्या नोंदणीची आणि परवानगीची कागदपत्रं चालू आहेत. गोव्यात दाबोळीची धावपट्टी नौदलाची, मोपाची आंतरराष्ट्रीय विमानतळाची. छोट्या विमानाला स्वतःची अशी धावपट्टी नाही. चाचणीसाठी पंख उतरवून ट्रकने राज्याच्या सीमेपलीकडे न्यावं लागणार.

(दृश्य : पंखातली पेट्रोलची टाकी टेबलावर. एका तोंडाला फुगा.)

आज टाकीची तपासणी. बाकीची तोंडं बंद करून आत हलकीच हवा भरलीय. दाब जास्त होऊ नये म्हणून हा फुगा. सगळ्या जोडांवर ब्रशने साबणाचं पाणी. एका कोपऱ्यात बुडबुडे येतायत. तिथे काकांनी खूण केली, आणि टाकी पुन्हा वेल्डिंगला निघाली.