सत्तावन्नाव्या वर्षी नायक

श्रोतेहो, नमस्कार. हॅरी डीन स्टँटन हे नाव कदाचित तुमच्या कानावर नसेल. पण १९७९ चा ‘एलियन’ पाहिलात ना? त्यात मांजर शोधायला म्हणून जातो आणि जिवाला मुकतो, तो टोपीवाला यंत्रकामगार. तोच हा हॅरी डीन!

जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या केंटकीतला. महायुद्धात नौदलाच्या जहाजावर स्वयंपाकी. मग पॅसाडीनात नाट्यशिक्षण, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं कामं कसली? गुंड, कैदी, काउबॉय. नाव पाट्यांमध्ये खाली कुठंतरी.

आता मला सांगायचाच आहे तो किस्सा. १९८३ साल. सँटा फेला चित्रपट महोत्सव होता. तिथल्या एका बारमध्ये हॅरी डीन आणि नाटककार सॅम शेपर्ड टकीला पीत बसलेले. गप्पांच्या ओघात हॅरी डीन म्हणाला, त्याच त्याच भूमिकांचा आता वीट आलाय रे, काहीतरी सुंदर, काहीतरी हळवं करायला मिळावं. काम मागत नव्हता हं! मन मोकळं करत होता. समोरचा माणूस ‘पॅरिस, टेक्सस’ नावाचा चित्रपट लिहितोय आणि नायक शोधतोय, याचा त्याला पत्ताच नव्हता. तो घरी लॉस एंजेलिसला परतला, आणि शेपर्डचा फोन आला: नायक तू! यावर एखाद्यानं उडी मारली असती. यानं विचारलं, सगळ्यांना मी मनापासून हवाय का? तसं असेल तरच करतो.

आणि गंमत बघा, जन्मभर दोन-चार वाक्यांवर भागवलेल्या या नटाला नायकपद मिळालं, तर पहिली जवळजवळ पंचवीस मिनिटं एकही शब्द नाही! पुन्हा सांगतो, नायक आणि पंचवीस मिनिटं गप्प. नुसता वाळवंटातून चालतो. आपल्या मालिकांत सून चहा घेऊन आली तरी तीनदा ढोल बडवतात. असो, तो विषय काढला तर माझा वेळ संपेल.

१९८४ मध्ये दिग्दर्शक विम वेंडर्सच्या या चित्रपटानं फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. हॅरी डीन? पुन्हा बहुतांशी छोट्या कामांकडे, थेट २०१७ पर्यंत, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत.

समीक्षक रॉजर एबर्टनं तर नियमच केला होता: स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत असेल, तर चित्रपट अगदीच टाकाऊ असू शकत नाही. पुढं १९८९ च्या एका चित्रपटानं हा नियम मोडला, हे त्यालाच मान्य करावं लागलं. त्यातही स्टँटन होताच!