आयपॉड, झून आणि गाण्यांवरचं कुलूप

[दृश्य: टेबलावर पहिल्या पिढीचा आयपॉड. कडेच्या फटीत प्लास्टिकची पट्टी जाते.]

हा २००१ सालचा पहिला आयपॉड. पुढे पांढरं प्लास्टिक, मागे चकचकीत स्टीलचा पत्रा, आणि दोन्ही जोडणारा एकही स्क्रू बाहेरून दिसत नाही. आतल्या कडेला बारीक खाचा आहेत, त्यांत पत्रा अडकून बसतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की पत्र्याची कड वाकते आणि पुन्हा कधीच नीट बसत नाही. म्हणून प्लास्टिकची पट्टी लांब बाजूच्या मधोमध घालायची, किंचित पिळायची, खाच सुटल्याचा टक्क आवाज आला की थोडं पुढे सरकायचं.

[दृश्य: पत्रा निघतो. वर बॅटरी, खाली डिस्क.]

वर दिसते ती लिथियम पॉलिमर बॅटरी. तिच्या खालची, कडांना रबर लावलेली पातळ डबी म्हणजे तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क. जाडी ५ मिलिमीटर, क्षमता ५ जीबी. आयपॉडचं सगळं गणित या एका भागावर उभं राहिलं. २००१ च्या सुरुवातीला ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन तोशिबाकडे गेले, तेव्हा ही डिस्क तयार होत आली होती. तिचं करायचं काय, हे तोशिबालाच ठरवता येत नव्हतं.

डिस्क फिरत राहिली की वीज खाते, आणि धक्का बसला की गाणं अडखळतं. यावर उपाय म्हणून बोर्डावर ३२ एमबीची मेमरी दिली. गाणं लावलं की डिस्क थोडा वेळ फिरते, पुढची साधारण वीस मिनिटांची गाणी मेमरीत भरते आणि थांबते. बॅटरी दहा तास चालायची ती यामुळे. हे गणित बिघडायचं कुठे? १६० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १६० किलोबिटच्या एमपीथ्रीला मिनिटाला १.२ एमबी लागतात. सीडीवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल मिनिटाला १० एमबी खाते. अशा मोठ्या फायली भरल्या की ३२ एमबी तीन मिनिटांत संपतात, डिस्क दर गाण्याला जागी होते आणि बॅटरी दुपारीच मान टाकते.

वरच्या बाजूचं हे सहा पिनांचं भोक फायरवायरचं. वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. त्या काळच्या यूएसबीचा होता १२ मेगाबिट. हजार गाणी भरायला यूएसबीवर काही तास जायचे. ॲपल सांगत होतं, दहा मिनिटांपेक्षा कमी. आणि त्याच वायरीतून चार्जिंगही. किंमत ३९९ डॉलर, आणि सुरुवातीला फक्त मॅकवर चालणारा.

[दृश्य: डायमंड रिओ पीएमपी ३००, शेजारी क्रिएटिव्हचा नोमॅड ज्यूकबॉक्स.]

आयपॉड पहिला नव्हता. रिओ १९९८ चा. एक पेन्सिल सेल, ३२ एमबी मेमरी, म्हणजे १२८ केबीपीएसवर जेमतेम अर्धा तास गाणी, आणि कॉम्प्युटरला जोडायचा प्रिंटरच्या पोर्टमधून. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना आरआयएए त्याच वर्षी त्याच्याविरुद्ध कोर्टात गेली. जून १९९९ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला: माणसाच्या डिस्कवर आधीच असलेली फाइल तो सोबत नेतो, एवढंच हे यंत्र करतं, आणि ते कायद्याला धरून आहे. खिशातल्या प्लेअरचा सगळा धंदा या निकालाने मोकळा झाला.

नोमॅड ज्यूकबॉक्स २००० चा. आत लॅपटॉपची अडीच इंची डिस्क, ६ जीबी. जागा आयपॉडपेक्षा जास्त, पण आकार सीडी प्लेअरएवढा. खिशात मावत नव्हता, आणि भरायला तीच संथ यूएसबी. मेनूंच्या उतरंडीतून गाणं शोधण्याच्या पद्धतीचं पेटंट मात्र क्रिएटिव्हने मिळवलं, आणि २००६ मध्ये ॲपलला त्यापोटी १० कोटी डॉलर मोजावे लागले.

इथपर्यंतची स्पर्धा यंत्रांची होती: डिस्क, बॅटरी, वायर. अशी स्पर्धा ग्राहकाच्या भल्याचीच. पुढे ती गाण्यांच्या फायलींमध्ये शिरली, आणि तिथे पैसे मोजून गाणी घेणारा माणूसच अडकला.

[दृश्य: जुन्या मॅकच्या पडद्यावर आयट्यून्स. खरेदी केलेल्या गाण्यांची यादी.]

रेकॉर्ड कंपन्यांनी स्वतःची दुकानं आधी काढून पाहिली होती. सोनी आणि युनिव्हर्सलचं प्रेसप्ले. वॉर्नर, बीएमजी आणि ईएमआय यांचं म्युझिकनेट. म्युझिकनेटवर महिन्याची वर्गणी भरूनही गाणं प्लेअरवर नेता येत नव्हतं. २८ एप्रिल २००३ ला ॲपलने पाचही मोठ्या कंपन्यांची दोन लाख गाणी ९९ सेंटला एक या भावाने विकायला ठेवली. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. त्याच ऑक्टोबरात आयट्यून्स (गाणी घ्यायचा आणि आयपॉडमध्ये भरायचा ॲपलचा प्रोग्राम) विंडोजवर आलं.

आता या फाइलच्या नावाचा शेवट बघा: एमफोरपी. त्यातला पी म्हणजे ‘प्रोटेक्टेड’. आवाज एएसी पद्धतीने १२८ केबीपीएसवर दाबलेला, आणि त्यावर फेअरप्ले नावाचं कुलूप. ते असं चालतं: फाइलमधला आवाज एका किल्लीने बंद केलेला असतो. ती किल्ली फाइलमध्येच असते, पण तीही दुसऱ्या किल्लीने बंद. दुसरी किल्ली तुमच्या खात्याची. ॲपलचा सर्व्हर ती तुमच्या कॉम्प्युटरला देतो, आणि आयपॉड जोडला की त्याच्यावर उतरते. कॉम्प्युटर आधी तीन चालायचे, एप्रिल २००४ पासून पाच. आयपॉड कितीही.

आयपॉड कितीही, पण आयपॉडच. फेअरप्ले ॲपलने कोणाला वापरायला दिलं नाही. अपवाद मोटोरोलाच्या फोनचा, आणि २००५ च्या त्या रोकर फोनमध्ये मेमरी कितीही असली तरी शंभराच्या वर गाणी जात नव्हती.

पाच कॉम्प्युटरांचा हिशेब लोकांना कुठे नडला? विंडोज पुन्हा टाकण्याआधी ‘डीऑथराइज’ करायचं, म्हणजे कॉम्प्युटरची नोंद खात्यातून काढायची राहिली, की जुनी नोंद सर्व्हरवर तशीच राहते आणि तोच कॉम्प्युटर नवा म्हणून मोजला जातो. डिस्क अचानक गेली तर डीऑथराइज करायला वावच नसतो. असं दोन-चारदा झालं की पाच जागा भरल्या. मग सगळे कॉम्प्युटर एकदम काढून टाकायची सोय आहे, पण ती वर्षातून एकदाच.

[दृश्य: कोरी सीडी ट्रेमध्ये. पडद्यावर बर्निंगची पट्टी पुढे सरकते.]

या कुलपातून एक अधिकृत वाट होती, आणि ती नीट दाखवायला हवी, कारण दुकानाने ती मोठ्याने कधी सांगितली नाही. खरेदी केलेल्या गाण्यांची प्लेलिस्ट करा, एकूण ८० मिनिटांच्या आत. बर्निंगच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ सीडी’ निवडा. ‘डेटा सीडी’ निवडली तर फायली कुलपासकट तशाच उतरतात, आणि एमपीथ्री सीडीत कुलूपबंद गाणं जातच नाही. सलग मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर गाण्यांमधली दोन सेकंदांची पोकळी शून्य करा. सीडी झाली की ती परत कॉम्प्युटरमध्ये उतरवा. त्याआधी इम्पोर्टचा प्रकार बदलून एमपीथ्री करा, नाहीतर पुन्हा एएसी फाइल तयार होते, आणि ती त्या वेळच्या बऱ्याच प्लेअरना वाजवता येत नव्हती. दर १९२ केबीपीएस किंवा त्याहून वर ठेवा.

नुकसान होतंच. १२८ केबीपीएसला दाबताना जे सूक्ष्म स्वर गेले, ते सीडी केल्याने परत येत नाहीत, आणि एमपीथ्री करताना आणखी थोडे जातात. झांजेचा आवाज घोगरा, भुरभुरा होतो. टाळ्यांच्या कडकडाटात ते लगेच कळतं. गाण्यांची नावंही जातात: दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ असं येतं, ती हाताने भरायची. आणि एकच प्लेलिस्ट बदल न करता सात वेळाच बर्न होते. विकत घेतलेलं गाणं दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर ऐकायला एवढे कष्ट, आणि तेही आवाज खराब करून. ही व्यवस्था चुकीची होती.

[दृश्य: पाठीवर ‘प्लेजफॉरशुअर’चं चिन्ह असलेली खोकी.]

ॲपलच्या समोर मायक्रोसॉफ्टने वेगळा मार्ग धरला. २००४ मध्ये प्लेजफॉरशुअर हे चिन्ह आलं: दुकान कोणतंही, प्लेअर कोणताही, कुलूप मायक्रोसॉफ्टचं. नॅपस्टर, याहू, एमएसएन ही दुकानं. क्रिएटिव्ह, आयरिव्हर यांचे प्लेअर. कागदावर निवड जास्त होती. पण गाणं वाजेना झालं की दुकान प्लेअरकडे बोट दाखवी आणि प्लेअरवाला विंडोजकडे. गाणी वाजवायचे परवाने कॉम्प्युटरमध्ये वेगळे साठत. गाण्यांची प्रत काढून परवान्यांची काढली नाही, तर विंडोज पुन्हा टाकल्यावर फायली असूनही मुक्या.

सोनीने तिसरंच केलं. २००४ च्या २० जीबीच्या वॉकमनने सुरुवातीला एमपीथ्री सरळ वाजवलीच नाही. सोनिकस्टेज प्रोग्राम आधी ती सोनीच्या स्वतःच्या ॲट्रॅक पद्धतीत बदलायचा. गाण्यांचा संग्रह मोठा असेल तर त्यात तासन्‌तास जायचे. वॉकमन ज्यांनी घडवला, त्यांनी हे करावं याचं वाईट वाटतं.

जुलै २००४ मध्ये रिअलनेटवर्क्सने हार्मनी काढलं. रिअलच्या दुकानातलं गाणं आयपॉडला समजेल अशा वेष्टनात घालून देणारी ही सोय. ॲपलने याला हॅकरची रीत म्हटलं आणि आयपॉडच्या पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये ती गाणी वाजेनाशी झाली. यावरून ग्राहकांनी लावलेला खटला दहा वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ज्यूरीने ॲपलच्या बाजूने निकाली काढला.

[दृश्य: तपकिरी झून ३०. सुरुवातीचं चित्र पडद्यावर अडकलेलं.]

नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतःच प्लेअर घेऊन आलं. झून: ३० जीबी, तीन इंची पडदा, तोशिबाने बांधलेला. आणि मायक्रोसॉफ्टच्याच प्लेजफॉरशुअरची गाणी त्यावर चालत नव्हती. ज्यांनी चिन्हावर विसंबून दोन वर्षं गाणी घेतली, त्यांना नव्या यंत्रावर ती नेताच आली नाहीत.

वायफायवरून एका झूनमधलं गाणं दुसऱ्यात देता यायचं. मिळालेलं गाणं तीन वेळा वाजे किंवा तीन दिवस राही, जे आधी होईल ते. स्वतः गाऊन रेकॉर्ड केलेल्या फाइललाही तोच नियम.

पडद्यावर दिसतंय ते ३१ डिसेंबर २००८ चं दुखणं. त्या दिवशी जगभरातले झून ३० एकाच वेळी असे गोठले. कारण घड्याळाच्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये होतं. तो १९८० पासूनचे दिवस मोजायचा आणि त्यातून एकेक वर्ष वजा करत जायचा: शिल्लक दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का? लीप वर्ष आहे का? असेल, तर ३६६ पेक्षा जास्त असले तरच ३६६ वजा कर. २००८ लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा बरोबर ३६६ वा दिवस. ३६५ पेक्षा जास्त, म्हणून फेरी संपत नाही. ३६६ पेक्षा जास्त नाही, म्हणून वजाबाकी होत नाही. प्रोग्राम त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. उपाय एकच होता: बॅटरी पूर्ण संपू द्या, १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून जाऊ द्या, मग चार्जरला लावा. वर्गणीची गाणी असतील तर कॉम्प्युटरला जोडून परवाने ताजे करा. इतर झूनमध्ये हा ड्रायव्हर नव्हता, ते चालू राहिले.

[दृश्य: बंद झालेल्या दुकानाच्या सूचनेचं पान.]

एप्रिल २००८ मध्ये एमएसएन म्युझिकने ग्राहकांना कळवलं की परवान्यांचे सर्व्हर ३१ ऑगस्टला बंद होतील. लोक खवळले, तेव्हा मुदत वाढवली. पाठोपाठ याहूने सप्टेंबरची तारीख दिली आणि भरपाई देऊ केली.

कुलूप उघडलं ते बाजारानेच. ६ फेब्रुवारी २००७ च्या जाहीर पत्रात ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी हिशेब मांडला: दोनशे कोटी गाणी विकली, नऊ कोटी आयपॉड विकले, म्हणजे एका आयपॉडमागे २२ गाणी. हजार गाण्यांच्या आयपॉडवर तीन टक्केसुद्धा नाहीत. बाकीची सगळी कुलपाविना, बहुतेक सीडीवरून उतरवलेली, आणि त्या सीडी याच कंपन्या विनाकुलूप विकत होत्या. सगळ्या कटकटी त्या २२ गाण्यांसाठी, आणि ती २२ तेवढी दुकानातून रीतसर पैसे देऊन घेतलेली. मे २००७ मध्ये ईएमआयची गाणी विनाकुलूप आली, सप्टेंबरात ॲमेझॉनचं एमपीथ्री दुकान, आणि २००९ मध्ये आयट्यून्सवरचं सगळं संगीत मोकळं झालं. आधी घेतलेलं गाणं मोकळं करून हवं तर तेव्हा वर ३० सेंट लागायचे.

आपल्याकडे आयट्यून्सचं दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडलं, म्हणजे हे सगळं होऊन गेल्यावर. फ्लिपकार्टचं फ्लाइट त्याच वर्षी आधी आलं होतं, साध्या एमपीथ्री विकायचं, आणि जून २०१३ मध्ये बंद झालं. झूनचं यंत्र २०११ मध्ये थांबलं, आयपॉड मे २०२२ मध्ये.

[दृश्य: पडद्यावर जुन्या फायलींची यादी, ‘काइंड’चा रकाना.]

परदेशात राहिलेल्या कोणाच्या जुन्या डिस्कवर २००९ च्या आधीची खरेदी असेल, तर आयट्यून्स किंवा ॲपलच्या म्युझिक ॲपमध्ये ‘काइंड’चा रकाना उघडा. ‘प्रोटेक्टेड एएसी’ दिसलं तर ती फाइल कुलूपबंद आहे. ‘पर्चेस्ड एएसी’ असेल तर मोकळी. कुलूपबंद फाइल लगेच पुसू नका. आधी ज्या खात्याने घेतली त्याच खात्याने ‘पर्चेस्ड’ची यादी बघा. गाणं तिथे असेल तरच जुनी फाइल बाजूला ठेवून ते पुन्हा उतरवा. बहुतेक वेळा २५६ केबीपीएसची एमफोरए फाइल मिळते. यादीत नसेल, तर ते दुकानातून काढलेलं असू शकतं, आणि मग हातातली एमफोरपी हीच शेवटची प्रत. तिच्यासाठी कॉम्प्युटर ऑथराइज करा, ऑडिओ सीडी काढा, आणि ती सीडी एमपीथ्रीत न दाबता आकार मोठा असला तरी एआयएफएफ किंवा ॲपल लॉसलेसमध्ये उतरवून ठेवा.