पातेल्यातली साखर, कपातले कॅफिन

(दृश्य: पहाटेची पेठ, स्टोव्हची ज्योत, पितळी पातेले)

चहामुळे मधुमेह होतो, असा दोष चहाला दिला जातो; तो कितपत खरा, हे इथे पाहू. पुण्याच्या पेठांमध्ये अमृततुल्यचा, म्हणजे चहाच्या दुकानाचा, दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी रुजवलेल्या या दुकानांत चहा आजही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होतो. पितळी पातेल्यात दूध आणि पाणी चढते, खलबत्त्यात कुटलेले आले आणि वेलची त्यात पडते, मग चहाची पावडर आणि साखर मापाने येते, आणि उकळी काठापर्यंत आली की चहा डावाने उंच उचलून पुन्हा पातेल्यात सोडला जातो. रंग हवा तसा चढला की तो फडक्यातून किटलीत गाळतात. या साऱ्या क्रमात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती म्हणजे साखर कपामध्ये नव्हे, पातेल्यातच पडते.

(दृश्य: वाफाळलेला कप, पहिला घोट)

कपातील कॅफिन साधारण पाऊण तासात जवळजवळ पूर्णपणे रक्तात उतरते. मेंदूत थकव्याची जाणीव करून देणारे अ‍ॅडेनोसिन जिथे चिकटते, त्या जागा कॅफिन अडवते, आणि म्हणून तरतरी येते. पुढे यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचे मुख्यतः पॅराझँथिन या द्रव्यात रूपांतर करते. निरोगी प्रौढाच्या रक्तातील त्याची मात्रा निम्मी व्हायला साधारण 5 तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्यांत हे लवकर घडते, गरोदरपणात बरेच सावकाश. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातील सुमारे निम्मे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते, आणि झोप सतत अपुरी राहिली की रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचे काम मंदावते.

कॅफिनचा एक डोस घेतल्यावर काही तास इन्सुलिनची परिणामकारकता घटते, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीचे चित्र वेगळे आहे. 2002 साली नेदरलँड्समधील सुमारे 17,000 स्त्री-पुरुषांच्या पाहणीत, दिवसाला 7 किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेहाचा धोका 2 किंवा कमी कप घेणाऱ्यांच्या तुलनेत निम्मा आढळला. पुढे इतर देशांतील पाहण्यांतही कल तोच राहिला आणि कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीबाबतही तो दिसला, त्यामुळे श्रेय एकट्या कॅफिनला देता येत नाही. कॉफीतील क्लोरोजेनिक आम्लासारखी इतर द्रव्येही त्यात असावीत. या पाहण्या संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. पण माफक कॅफिनच माणसाला मधुमेहाकडे नेते, असे म्हणायला त्यांत आधार नाही, आणि म्हणून चहाला सरसकट दोषी ठरवणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

(दृश्य: साखरेचा डबा, पातेल्यात पडणारी साखर, जवळून)

दोष शोधायचा असेल तर कॅमेरा इथे थांबायला हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार एका कप चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम आहे. म्हणजे चार-साडेचार कप कडक चहापर्यंत कॅफिनचा हिशेब बसतो. साखरेचा हिशेब मात्र बसत नाही. कपामागे दोन चमचे धरले तर सुमारे 10 ग्रॅम होतात, आणि पाच कपांत 50 ग्रॅम. 2,000 कॅलरींच्या आहारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली वरची मर्यादा नेमकी इतकीच आहे, आणि याच संघटनेच्या मते ती 25 ग्रॅमच्या आत असलेली अधिक बरी. जेवणातला गोड पदार्थ आणि बिस्किटे अजून मोजलेलीही नाहीत.

(दृश्य: बोटाच्या टोकावर टोचलेली सुई, ग्लुकोमीटरचा आकडा)

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहावरील देशव्यापी पाहणीने देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज दिला.

(दृश्य: दुसऱ्या शेगडीवरचे लहान पातेले)

पातेल्यात एकदा साखर पडली की गिऱ्हाइकाने म्हटलेले ‘साखर कमी’ निरुपयोगी ठरते. या दृश्यातल्या अमृततुल्यात बिनसाखरेच्या चहासाठी दुसऱ्या शेगडीवर लहान पातेले चढते. त्यातही आले, वेलची आणि पावडर तीच पडते, उकळीही तितकीच येते, आणि साखरेचा चमचा गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो. प्रत्येक अमृततुल्यात हे पातेले असावे, अशी आमची मागणी आहे.