स्प्लिंट बुटासाठी, घर अनवाणी

(दृश्य : शिलाई मशीनचं पायडल, अगदी जवळून. त्यावर दोन पावलं.)

डावं पाऊल दाबतंय. उजवं नुसतं सोबत जातंय. पायडल खाली गेलं की खाली, वर आलं की वर. आपणहून वर यायचं त्याने सोडून दिलंय.

(दृश्य : गल्ली, यंत्रमागांचा खडखडाट. घराची पुढची खोली.)

इचलकरंजी. या खोलीत काकू ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात. बसून बसून कंबर धरली, मग उजव्या पायात कळ उतरू लागली. एमआरआयमध्ये दिसलं, कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली आहे. ऑपरेशन झालं आणि कळ खरोखरच गेली. दुसऱ्या दिवशी उभं केलं, तर पावलाचा पुढचा भाग खाली लोंबत होता.

काकूंच्या भाषेत, "कळ गेली, आन् जाताना पाऊल घेऊन गेली."

ऑपरेशन यशस्वी झालं, असं त्यांच्या फाइलमध्ये लिहिलंय. कंबरेपुरतं ते खरंही आहे. नस आधीच्या दाबाने दुखावली की ऑपरेशनच्या वेळी ताणली गेली, हे आता छातीठोकपणे कुणी सांगत नाही. काकूंनीही तो वाद कधीच सोडून दिला. शेजारपाजारचे मात्र अजून विचारतात, "लकवा मारला का वं?"

(दृश्य : काकू रस्त्याने चालताना, बाजूने. आवाज : फट्, फट्.)

याला डॉक्टर 'फूट ड्रॉप' म्हणतात. चालताना पाय पुढे टाकायचा तर चवडा वर उचलावा लागतो. ते काम नडगीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंचं, आणि त्यांना हुकूम पोचतो तो मुख्यतः कंबरेतल्या पाचव्या नसेकडून. हुकूम पोचला नाही की अंगठा जमिनीला घासतो. म्हणून माणूस गुडघा जास्त उचलतो, जिना चढल्यासारखा, सपाट रस्त्यावरसुद्धा. पाऊल टेकताना टाचेमागून चवडा हळू उतरत नाही, फट्‌कन आपटतो. काकू येताहेत हे गल्लीला त्या आवाजावरून कळतं. चप्पल दुरुस्त करणाऱ्याला आजाराचं नाव माहीत नाही. पण उजव्या चपलेचं पुढचं टोक तिरपं झिजलेलं बघून तो न विचारता तिथे रबराचा तुकडा मारून देतो.

पोटरी मात्र शाबूत आहे. तिची मुख्य नस वेगळी, एक घर खालची. त्यामुळे पाऊल दाबता येतं, उचलता येत नाही. मुलाने हौसेने मशीनला मोटर बसवून दिली, तेव्हा हाच घोळ झाला. मोटरच्या पायडलवर पाय दाबला की मशीन सुटायचं आणि पाय वेळेवर उठायचा नाही. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजची बाही थेट काखेपर्यंत शिवली गेली. मोटर काढली. जुनं पायडल बरं, ते स्वतःच पावलाला वर घेऊन येतं.

(दृश्य : एएफओ स्प्लिंट टेबलावर. पांढरं प्लास्टिक, वेल्क्रोचा पट्टा.)

हे एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारं स्प्लिंट. पॉलिप्रॉपिलीनचं, पायाच्या मापावर बनवलेलं. पोटरीमागून उतरतं, तळव्याखाली जातं आणि पाऊल काटकोनात धरून ठेवतं. घातलं की चाल बरीच सुधारते. पण हे ज्यांनी कल्पिलं, त्यांच्या डोळ्यांसमोर बूट घालून दिवस काढणारा माणूस होता. आपला दिवस जातो अनवाणी. उंबऱ्याबाहेर चप्पल, देवळाबाहेर चप्पल, स्वयंपाकघरात तर प्रश्नच नाही. बुटाशिवाय हे प्लास्टिक फरशीवर सटकतं. बूट घ्यायचा तर उजवा एक नंबर मोठा लागतो, आणि दुकानदार जोडी फोडत नाही. काकूंनी मोठी जोडी घेतली, डाव्यात जाड सुकतळा घातला, आणि एक वेगळा बूट घरासाठीच ठेवला, रस्ता न बघितलेला. सासूबाई आधी कुरकुरल्या. आता त्याच तो पुसून ठेवतात.

पावसाळ्यात घाम येऊन प्लास्टिकखाली कातडी सोलते. पाऊल बरंचसं सुन्न, म्हणून ते कळतही नाही. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि काकू चार पावलं पुढे गेलेल्या असतात. शिवणकामाची खोली म्हणजे खाली टाचण्या आल्याच. त्यांनी दोरीला लोहचुंबक बांधलंय, रोज संध्याकाळी ते फरशीवरून फिरवतात. मग आरसा घेऊन तळवा, बोटांच्या फटी, टाच बघायची. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक या पायाला पूर्ण बंद. भाजलं तरी समजायचं नाही.

(दृश्य : रात्र. पलंग. चादर पायावरून बाजूला सारलेली.)

तेच सुन्न पाऊल रात्री पेटतं. वरून चादर घासली तरी चटका बसतो, मधूनच विजेचा झटका. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. प्रीगाबॅलिनसारखी नसांची औषधं देतात. त्यांनी आग कमी होते, पण सकाळी डोकं जड. सुईत दोरा ओवायचा असेल तर हा सौदा महागात पडतो.

(दृश्य : फिजिओथेरपी. टॉवेलने पाऊल स्वतःकडे ओढणं.)

नस परत वाढते का? वाढते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कंबरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत अंतर ६०-७० सेंटिमीटर. सरळ हिशेब केला तर दोन वर्षांच्या आसपास, आणि तोवर स्नायू वाट बघेलच असं नाही; फार काळ हुकूम मिळाला नाही तर तो वाळतो. नस तुटलेली नसून नुसती दबलेली असेल, तर मात्र काही आठवड्यांत, महिन्यांत फरक दिसतो. काय झालंय ते ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नसा-स्नायूंमधले विजेचे संदेश मोजणाऱ्या तपासणीत बरंचसं कळतं. व्यायामाने नस वेगाने वाढत नाही. पण टाचेची शीर आखडली, तर उद्या नस आली तरी पाऊल उठणार नाही. टॉवेल त्यासाठी.

स्नायूची ताकद ० ते ५ अशी मोजतात. काकू ० वरून २ वर आल्यात. पलंगावर कुशीवर झोपून पाऊल थोडं हलतं. पाऊल स्वतःच्या वजनाविरुद्ध पूर्ण उचललं की ३.

(दृश्य : डॉक्टरांच्या टेबलावर पायाचं मॉडेल.)

आणखी एक वाट आहे : पायातल्या चांगल्या स्नायूची शीर (टेंडन) सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला जोडायची. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया रुळली ती कुष्ठरोग्यांच्या लोंबत्या पावलांवर, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास रुग्णांचे हातपाय पुन्हा कामाला लावायला सुरुवात केली होती. पण कुष्ठरोगात नस गुडघ्यापाशी बिघडते, त्यामुळे उसना घ्यायचा स्नायू धडधाकट असतो. काकूंची नस कंबरेतच दुखावली आहे आणि त्या स्नायूलाही बराचसा पुरवठा तिथूनच. म्हणजे आधी त्याची ताकद तपासायची, मग पुढचं.

डॉक्टर म्हणतात, करायचं झालं तर नंतर काही आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहील.

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "दिवाळीच्या ऑर्डरी हाईत. त्या हातावेगळ्या झाल्या की बघू, आत्ता बसून कसं चालंल?" आणि दारातल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "अस्तर आणलंस का गं?"